एकांत आणि लोकांत

आमच्या ‘घरची शाळा’ या सदरांत आजवर पाठांतर, शुद्धलेखन, वाचनाची गोडी, भावंडांतील तंटे अशा अनेक विषयांचा परामर्श घेऊन झाला. आजचा विषय मात्र चारचौघांत सहसा उच्चारला जात नाहीं; आणि चारचौघांत काय करावें व काय करूं नये, हाच तो विषय आहे. एका वाचक भगिनीनें आपल्या पुतण्याविषयीं कळविलें आहे. मुलाचें वय चौदा. बुद्धीची वाढ लहानपणापासून मंद. स्वभाव अतिशय लाघवी. परंतु घरीं पाहुणे बसले असतां तो दिवाणखान्यांतच कपडे उतरवूं लागतो, येईल त्या स्त्रीच्या गळ्यांत पडतो, आणि कधीं कधीं जें एकट्यानेंच करावयाचें तें सर्वांसमोर करतो. रागावून झालें, मारून झालें, नवससायास झाले. आतां सणासुदीस व मंगल कार्याच्या दिवशीं त्याला मागल्या खोलींत कोंडून ठेवतात. “तो आंतून दारावर थापा मारीत असतो आणि आम्ही बाहेर हळदीकुंकू करीत असतों,” असें त्या लिहितात.

या एका वाक्यासाठीं आजचा लेख आहे. ज्या घरांत असें मूल नाहीं त्या घरांतील मंडळींनींही तो वाचावा, अशी विनंती आहे. कारण नात्यांत, शेजारीं, लग्नमुंजींत अशा मुलाशीं गांठ पडल्यावांचून राहत नाहीं, आणि आपण त्या वेळीं कसे वागतों यावर त्याचें शिक्षण पुष्कळ अंशीं अवलंबून असतें.

प्रथम हें मूल चुकतें कां, तें पाहूं. आपलीं इतर मुलें हा धडा केव्हां शिकलीं, असें कोणी विचारल्यास आपणांस सांगतां येणार नाहीं. तीन-चार वर्षांचें पोर उघडें धांवत ओसरीवर येतें, आजी डोळे वटारते, थोरली बहीण हंसते, काका मान फिरवितो. आणि पोर तेवढ्यावरून उमजतें. हा धडा शब्दांनीं दिला जात नाहीं. तो भुवयांनीं दिला जातो. ज्याच्या बुद्धीची वाढ मंद आहे, किंवा ज्यास स्वमग्नता आहे, त्याला भुवयांची ही भाषा वाचतां येत नाहीं. डाउन सिंड्रोम असलेलें मूल तर प्रेमळपणाबद्दल प्रसिद्ध. कोणाच्या गळ्यांत पडावें व कोणाच्या पडूं नये हा भेद त्याला आपोआप कळत नाहीं. पूर्वीं या सर्वांस ‘मतिमंद’ हा एकच शब्द लावीत. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानें अपंगत्वाचे 21 प्रकार मानले असून त्यांत बौद्धिक अपंगत्व, स्वमग्नता आणि अध्ययनांतील विशिष्ट अक्षमता हीं वेगवेगळीं धरलीं आहेत. कारणें निरनिराळीं असलीं तरी प्रस्तुत विषयापुरती गोष्ट एकच : जें इतरांस न शिकवितां येतें, तें यांस शिकवावें लागतें.

दुसरी गोष्ट अशी कीं, बुद्धि मागें राहिली म्हणून शरीर तिच्यासाठीं थांबत नाहीं. बाराव्या-चौदाव्या वर्षीं इतरांस जें होतें, तें यांसही बहुधा त्याच सुमारास होतें. मिसरूड फुटते, मुलगी न्हातीधुती होते. घरचीं माणसें मात्र ‘तो अजून लहानच आहे’ या समजुतींत असतात. सहाव्या वर्षीं ज्याला सर्वांनीं मांडीवर घेतलें, पाहुण्यांचे मुके घ्यावयास लावलें, त्यालाच सोळाव्या वर्षीं त्याच कृत्याबद्दल मार बसतो. बदललें आहे तें त्याचें शरीर व लोकांची दृष्टि. नियम बदलला असें त्याला कोणीं सांगितलेलें नसतें. म्हणून पहिलें सूत्र असें कीं, विसाव्या वर्षीं जें शोभणार नाहीं तें सहाव्या वर्षीं कौतुकानें शिकवूं नये.

या विषयाचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. 1800 सालीं दक्षिण फ्रान्समधील आव्हेरों प्रांतांत रानांत वाढलेला सुमारें बारा वर्षांचा एक मुलगा सांपडला. त्याला बोलतां येत नव्हतें, अंगावर कपडा सहन होत नव्हता. पॅरिस येथील मूकबधिरांच्या संस्थेंतील तरुण वैद्य इतार यांनीं त्याला शिकविण्याचें मनावर घेतलें आणि त्याचें नांव व्हिक्टर ठेवलें. इतर विद्वान् हा जन्मजात जड आहे म्हणून बाजूस सरले असतां या एका माणसानें वर्षानुवर्षें खटपट करून त्याला कपडे घालणें, ताटाशीं नीट बसणें, अक्षरें ओळखणें, वस्तूंचीं नांवें जाणणें हें शिकविलें. बुद्धीनें मंद मुलांच्या शिक्षणाची जी परंपरा पुढें सेगँ आणि माँटेसोरी यांनीं वाढविली, तिचा उगम येथें आहे. परंतु व्हिक्टर वयांत आला, आणि हा धैर्यवान् गुरु थबकला. मुलाची तगमग त्याला दिसत होती. तिचें कारणही त्यास ठाऊक होतें. तरीही त्यानें त्या बाबतींत मुलाला कांहीं शिकविलें नाहीं. 1806 सालच्या आपल्या वृत्तांतांत त्यानें याचें कारण प्रांजळपणें दिलें आहे : मुलास ही गरज समजावून दिली, तर इतर गरजांप्रमाणें तीही तो सर्वांदेखत भागवूं लागेल, अशी त्याला भीति वाटली.

इतारची भीति खोटी नव्हती. तीच भीति आज दोनशें वर्षांनंतर आपल्या घरोघरीं आहे. परंतु तिचें उत्तर मौन नव्हे. ‘सर्वांदेखत’ आणि ‘एकट्यानें’ हा भेद आधीं शिकविला, तर पुढील सर्व गोष्टींस जागा मिळते. तो शिकविला नाहीं, तर मौनामुळें शरीर कांहीं गप्प बसत नाहीं. आपल्या भाषेंत या भेदासाठीं दोन सुंदर शब्द आहेत : एकांत आणि लोकांत. या दोन शब्दांत आजचा सर्व पाठ सांठविलेला आहे.

येथें बहुतेक घरांतून जी गल्लत होते ती सांगितली पाहिजे. मुलानें कपडे काढले कीं आपण म्हणतों, ‘शी, घाण!’ वास्तविक कपडे काढणें घाण नाहीं. स्नानाच्या वेळीं तेंच मूल कपडे काढीत नसलें तर आपण रागावतों. म्हणजे एकच कृत्य सकाळीं चांगलें आणि संध्याकाळीं घाण ठरतें. ज्याला सूक्ष्म भेद कळत नाहीं, त्याच्या पदरीं यांतून एवढेंच पडतें कीं माझें शरीर घाण आहे. मग तो दुखलेंखुपलें तरी सांगत नाहीं, आणि कोणी दुष्टानें हात लावला तरीही सांगत नाहीं. म्हणून कृत्याला दोष न देतां जागेचा दोष दाखवावा. ‘हें वाईट’ असें न म्हणतां ‘हें येथें नाहीं, तेथें’ असें म्हणावें.

कोणी म्हणेल, ज्याला दहापर्यंत अंक येत नाहींत त्याला हा भेद कसा कळावा? यावर आमचें उत्तर असें कीं, तो त्याला अर्धा कळलेलाच आहे. आपल्या घरांतील असें मूल नीट पाहा. चपला दाराशीं काढावयाच्या, देवघरांत स्नानावांचून जावयाचें नाहीं, नैवेद्य दाखविण्यापूर्वीं ताटांतील पदार्थाला हात लावावयाचा नाहीं, हे नियम तें कित्येकदां भावंडांपेक्षां कसोशीनें पाळतें. हे सर्व जागेचे आणि वेळेचेच नियम आहेत. त्यांची कारणमीमांसा त्याला कोणीं सांगितली नाहीं. परंतु जागा दिसत होती, नियम रोज तोच होता, आणि आजोबांपासून धाकट्या नातीपर्यंत सर्व जण तो पाळीत होते, म्हणून तो अंगीं मुरला. नेमक्या याच तीन गोष्टी आपणांस हव्या आहेत.

आतां कृतीकडे वळूं. संस्कृत शास्त्रकारांचा एक अरुंधतीदर्शनन्याय आहे. अरुंधतीची तारका बारीक. ती एकदम दिसत नाहीं म्हणून आधीं जवळची ठळक तारका दाखवावयाची आणि तीवरून दृष्टि हळूहळू बारीक तारकेवर न्यावयाची. आपणही स्थूलाकडून सूक्ष्माकडे जावें. आरंभीं घरांतल्या जागा घ्याव्या. न्हाणीघर, शौचकूप आणि मुलाची निजावयाची खोली यांच्या दारांवर एका रंगाचा कागद लावावा. दिवाणखाना, स्वयंपाकघर, जिना, गच्ची यांवर दुसऱ्या रंगाचा. मुलाचा हात धरून रोज घरभर फिरावें आणि प्रत्येक दाराशीं एकच शब्द म्हणावा : ‘एकांत’, ‘लोकांत’. हे शब्द जड वाटल्यास ‘एकट्याची जागा’ आणि ‘सर्वांची जागा’ असे म्हणावे. परंतु जे ठरतील तेच सर्वांनीं वापरावे. आईनें एक, आजीनें दुसरा व काकानें तिसरा शब्द योजिला, तर मुलाच्या दृष्टीनें ते तीन निरनिराळे नियम होतात. एकत्र कुटुंबांत शिकविणारे पुष्कळ असतात हें भाग्य खरें, पण एकवाक्यता नसेल तर तेंच विघ्न होतें.

जागा ओळखूं आल्या म्हणजे कृत्यें घ्यावीं. वर्तमानपत्रांतील चित्रें किंवा हातानें काढलेलीं साधीं रेखाचित्रें पुरतात. जेवण, गप्पा, खेळ, स्नान, कपडे बदलणें, शौच, नाक शिंकरणें, खाजविणें : एकेक चित्र घेऊन कोणत्या रंगाच्या दाराशीं ठेवावयाचें तें मुलाला ठरवूं द्यावें. यानंतर खरा सूक्ष्म भाग येतो. एकांत म्हणजे केवळ एक खोली नव्हे. त्याला तीन अंगें आहेत : जागा माझी, दार लावलेलें, आणि आंत मी एकटा. तिन्ही असतील तरच एकांत. दार उघडें असेल तर नाहीं. धाकटा भाऊ आंत बसला असेल तर नाहीं. हीं तीन अंगें बोटांवर मोजावयास शिकविलीं म्हणजे पुष्कळ मुलांच्या लक्षांत राहतात.

दुसरा न्याय स्थूणानिखननाचा. जमिनींत खांब रोंवतांना तो पुन्हा पुन्हा हलवून, पुन्हा पुन्हा ठोकून घट्ट करावा लागतो. या मुलांचा एक विशेष असा कीं, एका ठिकाणीं शिकलेलें तीं दुसऱ्या ठिकाणीं आपोआप लावीत नाहींत. घरच्या न्हाणीघराचा नियम आजोळच्या न्हाणीघरास लागू आहे, हें पुन्हा शिकवावें लागतें. आगगाडींत पुन्हा, मंगल कार्यालयांत पुन्हा. यांत मुलाचा हट्ट नाहीं व शिकविणाऱ्याचें अपयशही नाहीं. सार्वजनिक स्वच्छतागृहाची गोष्ट तर विशेष जपून शिकवावी. तेथें कपडे सैल करावे लागतात, परंतु ती जागा आपली नव्हे. तेथें परके लोक असतात. आपलें काम आटोपावें, कपडे आंतच नीट करावे, हात धुवावे, बाहेर यावें. कोणाकडे टक लावूं नये, कोणाशीं बोलत थांबूं नये. मुलांस हें वडिलांनीं किंवा काकांनीं, आणि मुलींस आईनें किंवा काकूनें, प्रत्यक्ष बरोबर जाऊन शिकवावें.

पंचतंत्राच्या कथामुखांत महिलारोप्य नगरींतील अमरशक्ति राजाचे तीन पुत्र मंदबुद्धि होते आणि विष्णुशर्म्यानें त्यांस सहा महिन्यांत नीतिशास्त्र शिकविलें, असें सांगितलें आहे. ते राजपुत्र आपल्या आजच्या अर्थानें अपंग होते असें नाहीं. परंतु जेथें उपदेश हरला तेथें गोष्ट जिंकली, हें मर्म लक्षांत घेण्यासारखें आहे. अमेरिकेंतील कॅरोल ग्रे या शिक्षिकेनें 1990 नंतर स्वमग्न मुलांसाठीं लहान लहान गोष्टींची एक पद्धति रूढ केली आहे. गोष्ट मुलाच्याच तोंडची असते, वाक्यें पांच-सहा असतात, आणि तींत धमकी नसते. मराठींत ती अशी लिहितां येईल : ‘मला उकडतें. कधीं कधीं मला सदरा काढावासा वाटतो. मी माझ्या खोलींत जातों. मी दार लावतों. मग मी सदरा बदलतों. आईला बरें वाटतें आणि मलाही बरें वाटतें.’ ही गोष्ट रोज सकाळीं, प्रसंग घडण्यापूर्वीं वाचावी. प्रसंग घडल्यावर ओरडून वाचूं नये.

या गोष्टींतील पहिलें वाक्य मुद्दाम घातलें आहे. मूल अमुक करतें तें कशासाठीं, याचा शोध घेतल्यावांचून कोणताही उपाय लागू पडत नाहीं. कपडे काढणाऱ्याच्या सदऱ्याला मागें टोंचणारी चिठ्ठी असेल, विजारीची नाडी करकचून बांधलेली असेल, किंवा जरीचा अंगरखा त्याच्या कातडीस सोसत नसेल. सतत हात लावणाऱ्यास तेथें पुरळ असेल किंवा मूत्रमार्गांत विकार झाला असेल. त्याला वैद्याची गरज आहे, चपराकीची नाहीं. कोणास लग्नघरचा वाजंत्र्यांचा गोंगाट असह्य होतो आणि कपडे काढले कीं आपल्याला बाहेर नेतात, हें त्यास अनुभवानें कळलेलें असतें. आणि कित्येकांस तर एवढेंच हवें असतें कीं सर्वांनीं आपल्याकडे पाहावें. चुलत भावंडें खुदकन् हंसलीं कीं त्याचा हेतु साधतो. अशा वेळीं हंसूं नये, ओरडूं नये. शांतपणें जवळ जाऊन, काय करूं नये तें न सांगतां काय करावें तें सांगावें : ‘खोलींत चल’, ‘सदरा खालीं घे’. ऐकल्याबरोबर शाबासकी द्यावी. ‘नको, नको’ या शब्दांतून दुसरें काय करावें, याचा बोध होत नाहीं.

माणसांचा भेद हा जागेच्या भेदाहून अवघड. त्यासाठीं अमेरिकेंतील लेस्ली वॉकर-हिर्श आणि मार्कलिन शॅम्पेन या दोघींनीं 1980 नंतरच्या दशकांत एक वर्तुळांची पद्धति तयार केली. मध्यभागीं जांभळें वर्तुळ, त्यांत मूल स्वतः. भोंवतीं निळें, आलिंगनाचें. मग हिरवें, दुरून आलिंगनाचें. मग पिवळें, हस्तांदोलनाचें. मग नारिंगी, नुसता हात हलविण्याचें. आणि अखेर तांबडें, अनोळखी माणसांचें. अंगणांत खडूनें वर्तुळें काढून, प्रत्येकांत माणसांचीं छायाचित्रें ठेवून हा पाठ खेळासारखा देतां येतो. आपल्याकडे त्यांत थोडा बदल करावा लागेल. आपल्या निळ्या-हिरव्या वर्तुळांत आत्या, मावशी, चुलत आजोबा अशी गर्दी होते. तेव्हां प्रत्येक नातेवाईक कोठें बसतो, हें आईबापांनीं आधीं विचारपूर्वक ठरवावें. दुसऱ्या बाजूनें आपल्याजवळ एक असें साधन आहे कीं जें त्यांच्याजवळ नाहीं. तें म्हणजे नमस्कार. स्पर्शावांचून पूर्ण आदर व्यक्त करणारी, दोन्ही हात आपोआप गुंतवून ठेवणारी ही कृति अशा मुलासाठीं वरदान आहे. घरच्या चार-पांच माणसांव्यतिरिक्त सर्वांस नमस्कार, असा एकच सोपा नियम लावला, तर गळ्यांत पडण्याचा प्रश्न बव्हंशीं सुटतो. मात्र आलेल्या पाहुण्यांनींही ‘असूं दे हो, लहान आहे’ म्हणून त्याला कवेंत घेऊं नये. त्याचा नमस्कार नमस्कारानेंच स्वीकारावा. वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं असें मूल नाहीं, त्यांचा या शिक्षणांतील वांटा तो हा.

आतां इतार जेथें थांबला त्या जागीं येऊं. वयांत आलेला मुलगा किंवा मुलगी स्वतःच्या गुप्तांगास हात लावून सुख घेते, ही गोष्ट वैद्यकाच्या दृष्टीनें स्वाभाविक आहे. तिनें वेड लागत नाहीं, शक्ति जात नाहीं, व बुद्धि आणखी मंद होत नाहीं. मारून, हात बांधून ती थांबत नाहीं; भलत्या वेळीं, भलत्या जागीं मात्र होऊं लागते. तेव्हां वर सांगितलेलीं एकांताचीं तीन अंगें येथेंही लावावीं : तुझी खोली, लावलेलें दार, तूं एकटा, नंतर हात धुवावयाचे. एवढेंच सांगावें, शांत चेहऱ्यानें सांगावें. दिवाणखान्यांत हात तिकडे गेला तर हातांस दुसरें काम द्यावें किंवा खोलींत पाठवावें. यानें वासना जागी होईल, अशी शंका पुष्कळांस येते. परंतु वासना आपण जागी करीत नाहीं. ती वयानें येते. आपण तिला जागा दाखवितों. आणि जें मूल या बाबतींत योग्य शब्द ऐकतें, त्यालाच कोणी त्रास दिला तर सांगावयास शब्द असतात.

येथें घरच्या मंडळींसही एक पथ्य आहे. आपल्या घरांतून अशा मुलाला एकांत मिळतो कां? कोणीही केव्हांही दार ढकलून आंत येतें, तो न्हात असतां काकू साबण न्यावयास येते, कपडे बदलतांना भाऊ समोर बसलेला असतो. ज्याला स्वतःला कधीं एकांत मिळाला नाहीं, त्याला तो दुसऱ्याचा जपावयाचा हें कसें कळावें? दारावर टिचकी मारून, ‘येऊं कां?’ असें विचारूनच आंत जावें. लहान घरांत स्वतंत्र खोली नसेल तर पडदा लावावा, किंवा दिवसांतील ठराविक अर्धा तास ती खोली त्याची असें ठरवावें. हा मान मिळाला म्हणजे मान देणें शिकवितां येतें.

मुलींच्या बाबतींत मासिक पाळीचा प्रश्न वेगळा आहे आणि त्यांत महाराष्ट्राला एक कटु आठवण आहे. 1994 सालीं शिरूर येथील शासकीय संस्थेंतील बौद्धिक अपंग मुलींचीं गर्भाशयें पुण्याच्या सरकारी रुग्णालयांत शस्त्रक्रियेनें काढण्यांत आलीं. पाळीच्या दिवसांत या मुलींस स्वच्छता राखतां येत नाहीं, असें कारण पुढें करण्यांत आलें होतें. महिला संघटनांनीं व अनेक विचारवंतांनीं आवाज उठविल्यावर तो प्रकार थांबला. जें शिकवावयाचें तें न शिकवितां शस्त्र उचललें, असें त्याचें वर्णन करावें लागेल. 2016 च्या कायद्याच्या दहाव्या कलमानें आतां असें ठरविलें आहे कीं, कोणत्याही दिव्यांग व्यक्तीवर तिच्या स्वतंत्र व समजून दिलेल्या संमतीवांचून वंध्यत्व आणणारा उपचार करतां येणार नाहीं. तेव्हां शिकविणें हाच मार्ग. पाळी येण्यापूर्वीं एक-दोन वर्षें आरंभ करावा. घडी कोठें ठेवावयाची तें चड्डीवर रंगीत दोऱ्यानें रेघ घालून दाखवावें. तांबडा रंग लावलेली घडी दाखवून ‘अशी झाली कीं बदलावयाची’ हें समजावावें. काम लहान लहान पायऱ्यांत तोडावें, आणि शेवटची पायरी प्रथम शिकवावी : आधीं सर्व आईनें करावें व हात मुलीनें धुवावे, मग गुंडाळून टोपलींत टाकणेंही तिनें करावें, असें मागून पुढें यावें. प्रत्येक दिवशीं काम पुरें झाल्याचा आनंद तिच्याच वांट्यास येतो. कॅलेंडरावर तिच्याच हातानें खूण करवावी. हें सर्व दार लावून करावयाचें, आणि याविषयीं बोलावयाचें तें आईशीं, काकूशीं किंवा शिक्षिकेशीं, हाही त्याच पाठाचा भाग.

या शिक्षणाचें खरें मोल रक्षणांत आहे. आपण अशा मुलांस एकच गोष्ट सर्वांहून अधिक शिकवितों : मोठ्या माणसांचें ऐकावें. आणि त्यांस त्रास देणारा मनुष्य बहुतेक वेळां ओळखीचा, मोठा व विश्वासांतलाच असतो. म्हणून आज्ञापालनाबरोबर नकारही शिकविला पाहिजे. लुगड्यानें, सदऱ्यानें, चड्डीनें जो भाग झांकला जातो तो माझा. त्याला दुसऱ्यानें हात लावावयाचा नाहीं, आणि मींही दुसऱ्याच्या त्या भागास लावावयाचा नाहीं. ज्याला स्नानास मदत लागते, त्याच्यासाठीं मदत करणाऱ्या दोन माणसांचीं नांवें ठरलेलीं असावीं. त्यांनींही ‘आतां पाठ चोळतों’ असें सांगूनच हात लावावा. शरीराच्या सर्व अवयवांचीं खरीं नांवें शिकवावीं. ‘कोणास सांगूं नको’ असें जो म्हणेल, त्याचेंच नांव आधीं आईला सांगावयाचें, हें पाठ करून घ्यावें. भ्रमणध्वनि हेंही आतां एक दार झालें आहे. स्नानाच्या जागेचीं किंवा उघड्या अंगाचीं छायाचित्रें काढावयाचीं नाहींत व धाडावयाचीं नाहींत, हेंही स्पष्ट सांगावें.

इतकें करूनही अघटित घडलें तर अब्रूच्या भीतीनें तें झांकूं नये. 2012 च्या पोक्सो कायद्याप्रमाणें अठरा वर्षांखालील मुलावरील लैंगिक अत्याचाराची माहिती असणाऱ्यानें ती पोलिसांस कळविणें बंधनकारक आहे. मुलाच्या अपंगत्वाचा फायदा घेऊन केलेला गुन्हा अधिक गंभीर मानला आहे. 1098 या क्रमांकावर बालकांसाठीं मदत मिळते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या संहितेंतही अशी तरतूद आहे कीं, अशा गुन्ह्यांत दिव्यांग व्यक्तीची फिर्याद तिच्या घरीं किंवा तिला सोयीच्या जागीं, दुभाष्याच्या अथवा विशेष शिक्षकाच्या साहाय्यानें लिहून घ्यावी. परंतु न्यायालयापुढें तिचें म्हणणें पोंचावयाचें तर कोठें, कोणीं, काय केलें, हें सांगण्यास तिच्याजवळ शब्द पाहिजेत. आणि ते शब्द आपण घरींच दिलेले असले पाहिजेत.

हें कार्य घरानें एकट्यानें करावें असें नाहीं. आपल्या मुलीच्या निमित्तानें एका पारशी दांपत्यानें 1944 सालीं मुंबईंत सुरू केलेली जय वकील शाळा, पुण्याची 1964 सालची कामायनी, नाशिकची 1977 सालची प्रबोधिनी, अशा संस्थांनीं महाराष्ट्रांत या शिक्षणाची वाट घालून दिली आहे. जवळच्या विशेष शाळेंतील शिक्षकांस भेटून शाळेचे व घरचे शब्द एकच करून घ्यावे.

आतां त्या भगिनीस उत्तर. पुतण्या चौदा वर्षांचा आहे, म्हणजे उशीर झाला आहे. वेळ गेलेली नाहीं. आजच रंगीत कागद दारांवर लावा, सर्वांचे शब्द एक करा, आणि खोली कोंडण्याची आहे ती त्याच्या एकांताची करा. कडी बाहेरून असेल ती काढून आंतून बसवा, मात्र अडचणीच्या वेळीं बाहेरूनही उघडेल अशी. पुढल्या हळदीकुंकवास त्याला पहिलीं दहा मिनिटेंच बाहेर ठेवा, आणि रिकामें ठेवूं नका : अत्तरदाणी किंवा तिळगुळाची वाटी हातांत द्या, येणाऱ्या प्रत्येकीस नमस्कार करून ती पुढें करावयास शिकवा, व आठवडाभर आधीं घरच्याच मंडळींपुढें तालीम करा. दहा मिनिटें सुखरूप गेलीं कीं स्वतः होऊन त्याला त्याच्या खोलींत विसाव्यास न्या. दहाचीं पुढें वीस होतील. एखाद्या दिवशीं बिघडेल. त्या दिवशीं खांब पुन्हा ठोकावा लागेल, इतकेंच. दारावरच्या थापा थांबविण्याचा याहून जवळचा मार्ग आम्हांस ठाऊक नाहीं.

पुढील अंकीं याच मुलांस पैशांचा व्यवहार कसा शिकवावा, याचा विचार करूं.